बाराचं माप

बाइंडरिणीच्या दुकानातून पुस्तक वेळेआधी बाहेर पडलं असं कधी झालं नाही. गिऱ्हाईक कितीही गयावया करो, परीक्षा उद्यावर आली म्हणो की साहेब खातील म्हणो, तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "शिकंज्यात आहे. परवा या." शिकंजा म्हणजे दोन जाड फळ्या आणि त्यांना आवळणारा लोखंडी स्क्रू. खळ लावलेलं ओलं पुस्तक त्यात तीन दिवस दाबून ठेवायचं. एक दिवस आधी काढलं की पुठ्ठा वाकतो, आणि एकदा वाकलेला पुठ्ठा कुणाच्या बापाला सरळ होत नाही. हे तिला तिच्या बापानं शिकवलं होतं. बापाच्या फारशा गोष्टी तिनं मनावर घेतल्या नाहीत, पण ही घेतली.

दुकान दोघांचं होतं. पुठ्ठे कापणं, खळ शिजवणं, कणा चढवणं हे तिचं. शिवण तिच्या धाकट्या भावाची. पन्नाशी उलटली तरी सगळे त्याला बारक्याच म्हणत, आणि अंगानं तो होताही तसाच, हॅंगरवर शर्ट टांगावा तसा. पण शिवण म्हणाल तर तशी शिवण त्या गल्लीत काय, साऱ्या शहरात कुणाची नव्हती. दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे, त्यांना जुजं म्हणतात, ती एकावर एक रचून मेण लावलेल्या दोऱ्यानं तो अशी शिवायचा की पुस्तक उघडलं की पान आपलं आपण निवांत पडावं, हातानं दाबायला लागू नये. फक्त हे सगळं पोटात दारू गेल्यावर. त्याआधी त्याला सुईत दोरासुद्धा ओवता यायचा नाही.

बारक्याला बायको होती. दहा वर्षांची मुलगी घेऊन ती निघून गेली. "बरं केलंन तिनं," असं बाइंडरीण स्वतःच म्हणायची, पण आपल्या भावाबद्दल दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याला कात्री फेकून मारली असती. ती मुलगी आता मोठी झाली होती. लग्न, नोकरी, सगळं दुसऱ्या शहरात. बापाशी बोलत नसे, आत्याला मात्र महिन्याला एक फोन ठरलेला. एकदा बोलता बोलता तिनं सांगून टाकलं, "आत्या, बाबा एक वर्ष कोरडे राहिले ना, तर मी भेटायला येईन. पण त्यांनी ते मला सांगू नये. त्यांच्या शपथा ऐकून माझे कान किटलेत. तू सांग. तुझ्या शब्दावर येईन."

बारक्याला हे कळलं तेव्हा त्यानं हातातली सुई कागदात खोचून ठेवली. मग म्हणाला, "वर्ष म्हणजे पूर्ण तीनशे पासष्टच ना गं ताई?" जणू कुणी त्यात सूट देणार होतं.

तर त्या वर्षासाठी पुढचं सगळं झालं.

दारूचं एक असतं. हाड मोडलं म्हटलं तर लोक चांगल्या डॉक्टरचा पत्ता देतात. भाऊ पितो म्हटलं की स्वतःच डॉक्टर होतात. पहिले झाले हेडमास्तर. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी शाळेची रजिस्टरं बांधायला तेच घेऊन यायचे, कारण दुसरं काम नव्हतं. "मनाचा दुबळेपणा!" त्यांनी काउंटरवर बोट आपटलं. "दुसरं तिसरं काही नाही. मी तंबाखू एका दिवसात सोडली. फेकली ती फेकली." हे सांगताना त्यांच्या वरच्या खिशात तपकिरीची डबी होती, पण ते असो. "कोंडा त्याला. तीन दिवस कोंडा. ओरडेल, रडेल, विरघळू नका. माणूस त्यानं मरत नाही."

तीन दिवस. हा आकडा बाइंडरिणीच्या डोक्यात असा चपखल बसला की पुढे काही विचारायची तिला गरजच वाटली नाही. दुसरी एखादी बाई असती तर तीनच का, पाच का नाहीत, डॉक्टरला विचारू का, असं तरी मनात आलं असतं. हिची सारी हयात तीन दिवसांत वाकडं सरळ होताना बघण्यात गेली होती. बारक्यालाही कल्पना पसंत पडली. "घाल मला शिकंज्यात," तो हसत म्हणाला, आणि आपल्या पायांनी मागच्या कागदांच्या खोलीत जाऊन बसला. तिनं पाण्याचा जग, पाव, एक बादली आत ठेवली आणि बाहेरून कुलूप लावलं.

पहिल्या दिवशी तो गाणी म्हणत होता. दुसऱ्या दिवशी गाणी संपली आणि विनवण्या सुरू झाल्या. दाराच्या फटीतून तिनं पाहिलं, तर घामानं निथळलेला भाऊ भिंतीवरून शाईचे ठिपके वेचत होता. भिंतीवर शाईचा ठिपका एकही नव्हता. किल्ली तिच्या हातात आली, आणि मग तिनं ती परत कमरेला खोचली. एक दिवस आधी काढायचं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दाराबाहेर बसून जुजं दुमडत होती, तेव्हा आत धप्पकन आवाज झाला. कागदाचं रीम घसरलं असेल असं तिला वाटलं. रीम पडल्याचा आवाज ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि तो नेमका तसाच असतो. तिनं हातातला गठ्ठा दुमडून संपवला. कडा जुळवल्या. मग उठली.

बारक्याचे दात आवळलेले होते, ओठ चावून रक्त आलं होतं, आणि सगळं अंग झटके देत होतं. डोळे उघडे होते, पण त्यात तो नव्हता.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं. ते ओरडले नाहीत, त्यामुळे तिला जास्त भीती वाटली. "इतकी वर्षं पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर झटके येतात. त्यात माणूस जातो. तुमचा भाऊ थोडक्यात वाचला." आणि मग नेहमीच्या आवाजात, "आजार आहे हा, बाई. मेंदूचा आजार. शिक्षा करून आजार जात नाही."

आजार म्हटल्यावर बाइंडरीण तिथेच, रांगेतल्या लोकांसमोर रडली. हेडमास्तरांच्या म्हणण्यात भाऊ नालायक होता. डॉक्टरांच्या म्हणण्यात तो आजारी होता. आजारी माणसाची लाज वाटायचं कारण नाही, हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पण तो गठ्ठा दुमडायला लागलेला वेळ तिनं डॉक्टरांना सांगितला नाही. तो तिनं कुणालाच सांगितला नाही.

गोळ्या सुरू झाल्या. तिथली एक तरुण समुपदेशक मुलगी बारक्याला बालपणाबद्दल विचारायची, आणि तिच्यासमोर बसून बाइंडरिणीला आठवलं की पहिला घोट बापानंच दिला होता. पोरगं चौदा वर्षांचं, थंडीनं बोटं आखडलेली, टाका वाकडा जातोय. "एक घोट मार, हात बसेल," बाप म्हणाला होता, आणि हात खरोखर बसला होता. ती तेव्हा समोरच खळ ढवळत होती. मुलीनं ते वहीत लिहून घेतलं आणि "हं" म्हणाली. त्या "हं"चं पुढे काय करायचं ते बाइंडरिणीला कळलं नाही. बाप तर कधीच मेला होता.

मग गट. एका गोदामाच्या तळघरात, घडीच्या खुर्च्यांवर, सुटलेले आणि सुटू पाहणारे लोक गोल करून बसत. गटाचा म्होरक्या नळांची कामं करणारा फिटर होता, सतरा वर्षं कोरडा, आणि माणूस म्हणून सोन्यासारखा. "आपल्या हातात काही नाही, हे एकदा कबूल करायचं," तो सांगायचा. "तिथून सुरुवात." बाइंडरीण चक्रावली. हेडमास्तर म्हणत होते सगळं त्याच्या हातात आहे, फिटर म्हणत होता काहीच नाही, डॉक्टर म्हणत होते मेंदूत आहे, ती समुपदेशक मुलगी म्हणत होती बापात आहे. आणि जो तो बोलायला लागला की तिला पटायचं. सगळेच थोडे थोडे बरोबर होते, हीच पंचाईत होती. एखादा जरी ठार चुकीचा निघता तरी तिला केवढा आधार झाला असता!

बारक्या दहा महिने कोरडा राहिला. फिटरनं टाळ्या वाजवल्या, गटानं वाजवल्या. हात कापायचा तो कापायचाच, त्यामुळे शिवण वाकडी येई, आणि बाइंडरीण रोज दुपारी तो जेवायला गेला की त्याचे टाके उसवून स्वतः पुन्हा घाली. त्याला ते माहीत होतं. तिला वाटायचं, माहीत नाही.

दहा महिन्यांनी एका साध्या मंगळवारी तो कागद आणायला गेला आणि पिऊन आला. का, तर काही कारण नाही. भांडण नव्हतं, दुःख नव्हतं, कुणी आग्रह केला नव्हता. तिनं खोदखोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "दुकान उघडं होतं गं." दोन महिने राहिले होते.

"आता तुम्ही बाजूला व्हा," फिटरनं तिला सांगितलं. "तुम्ही त्याला पडू देत नाही, म्हणून तो उठत नाही. टाके तुम्ही घालता, गिऱ्हाइकांची बोलणी तुम्ही खाता. प्यायलेला आला की दार उघडू नका. मला माझ्या आईनं उघडलं नव्हतं. त्या माउलीमुळे मी आज बसलोय इथे." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाइंडरिणीनं दार उघडलं नाही. तीन संध्याकाळी उघडलं नाही. तिसऱ्या दिवसानंतर बारक्या पायरीवर सापडला तो तापानं फणफणलेला, छातीत पाणी झालेलं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत पुन्हा झटके. फिटरची आई नशीबवान होती, एवढंच म्हणायचं.

या खेपेला तिच्याशी बोलल्या त्या वॉर्डातल्या सिस्टर. जाड, घोगऱ्या आवाजाच्या, कुणाला न घाबरणाऱ्या. "यकृत गेलंय त्यांचं बरंचसं," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा झटका आला तर मी काही सांगू शकत नाही. सोडायला लावायचं राहू दे ताई. जगवायचं बघा."

"म्हणजे काय करायचं?"

"मोजून द्यायची. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री दहा. डॉक्टरांनी माप ठरवून दिलंय. जास्त नाही, कमी नाही, चुकवायची तर मुळीच नाही. जमलं तर पुढे हळूहळू उतरवू."

"मी द्यायची? माझ्या हातानं?"

"मग कुणाच्या? त्यांच्या हाताला माप कळतं का?"

झालं. जिनं वर्षानुवर्षं भावाच्या बाटल्या हुडकून हुडकून मोरीत ओतल्या होत्या, ती आता कपाटाच्या किल्लीनं बाटली काढायची, औषधाच्या प्लॅस्टिकच्या पेल्यात रेघेपर्यंत ओतायची, डोळ्यासमोर धरून बघायची, आणि भावाच्या हातात द्यायची. पहिल्या दिवशी तिचाच हात असा कापला की बारक्याला हसू आलं. "तू घे आधी एक," तो म्हणाला. "हात बसेल." तिला मात्र हसू आलं नाही.

गल्लीत बातमी व्हायला वेळ लागत नाही. बहीण भावाला पाजते! हेडमास्तरांनी रजिस्टरं दुसरीकडे न्यायला सुरुवात केली आणि जाताना, "काय बोलावं!" असं म्हणून पुढे बरंच बोलले. फिटर एकदा येऊन उभा राहिला. "ताई, तुम्ही त्याला हळूहळू मारताय." "बंद दाराबाहेर लवकर मरत होता," ती म्हणाली. तो खाली मान घालून गेला, आणि त्याच्याबद्दल तिला वाईट वाटलं, कारण हेडमास्तरांसारखा तो तिला टाकून गेला नव्हता. त्याला फक्त आपल्याच आईचं दार दिसत होतं.

आणि बारक्या? बारक्या चालता फिरता झाला. बरा झाला असं कुणी म्हणू नये. डोळे पिवळे, पोट थोडं वर आलेलं. पण दाढी रोज करायचा, पडायचा नाही, ओरडायचा नाही, रोज सात-आठ पुस्तकं शिवायचा, आणि ते टाके उसवावे लागत नसत. माप थोडं उतरलं, मग एका जागी अडलं. असं वर्ष गेलं. वर्ष गेलं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते वर्ष मोजायचं नव्हतंच.

मुलीच्या लक्षात होतं. "आत्या," ती फोनवर म्हणाली, "माझी पोर चार वर्षांची झाली. आजोबा कुठे असतात म्हणून विचारते. मागे तू म्हणाली होतीस बाबा नीट आहेत, काम करतात. झालं का गं वर्ष?"

बाइंडरिणीला खोटं बोलायची सवय नव्हती. तिचं परवा म्हणजे परवाच असायचं. तिनं समोर पाहिलं. बारक्या खिडकीशी बसून सुईला मेण लावत होता, उन्हात त्याचे कान लाल दिसत होते, लहानपणी दिसायचे तसे. सिस्टरनी गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं की फार लांबचं धरू नका.

"झालं," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं बारक्याला सांगितलं. त्याचा चेहरा कागदासारखा झाला.

"तू खोटं बोललीस?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"नाही, हेडमास्तरांसाठी! तुझ्यासाठीच ना."

बेत सोपा होता. मुलगी साडेदहाला येणार, साडेअकराच्या गाडीनं परत. सातचं माप आधी झालेलं, बाराचं नंतर. मधला एक तास बारक्या माणसासारखा माणूस असतो, ते रोजच दिसत होतं. बाइंडरिणीनं बाटलीचं कपाट पुसून घेतलं, खिडक्या उघड्या टाकल्या, बारक्याला लवंग चघळायला दिली. त्या दिवशी सातला तिनं माप ओतून त्याच्यापुढे ठेवलं आणि ती कागदवाल्याची गाडी उतरवून घ्यायला बाहेर गेली. रोज ती तो पिऊन होईपर्यंत समोर थांबायची. त्या दिवशी गाडी नेमकी लवकर आली.

मुलगी आली. दारात थोडी अडखळली, बापाकडे बघून म्हणाली, "बारीक झालात," आणि बारक्या म्हणाला, "मी होतोच," आणि दोघंही हसली. एवढंच झालं. बाइंडरिणीनं तोंड फिरवून चहा ठेवला. नात आधी आईच्या मागे लपली, मग आजोबांच्या सुया बघायला पुढे आली, मग थेट मांडीवर. तिच्या हातात एक जुनं चित्रांचं पुस्तक होतं, आईच्या लहानपणीचं, बारक्यानंच कधी काळी बांधलेलं, आता पानं सुटलेलं. "नीट होईल का?" मुलीनं विचारलं. बारक्यानं ते हातात घेतलं, कणा उलगडला, स्वतःचाच जुना दोरा बोटानं चाचपला. "आत्ता करून देतो," तो म्हणाला.

साडेअकरा झाले. "तुझी गाडी," बाइंडरीण म्हणाली. "जाऊ दे गं, दोनला आहे पुढची," मुलगी म्हणाली, आणि चपला काढून पाय वर घेऊन बसली. ती लहानपणी अशीच बसायची.

बारा वाजले. बाइंडरिणीनं बारक्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, नाही. नात प्रत्येक टाका मोजत होती, "सहा... सात..." साडेबारा. बाइंडरिणीनं आत चल म्हणून डोळ्यांनी खुणावलं. पुन्हा नाही. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि सुई भोकाच्या शेजारी लागत होती. "आजोबा, चुकलं," नात म्हणाली. "चुकलं हां," तो म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेली, निदान पेला तयार ठेवावा म्हणून. ओट्याच्या कोपऱ्यात एक वाटी पालथी होती. तिनं ती उचलली. खाली सकाळचं सातचं माप होतं, रेघेपर्यंत भरलेलं, न शिवलेलं.

इतकी वर्षं तो पिणं लपवत आला होता. आज त्यानं न पिणं लपवलं होतं. लेकीला, नातीला वास येऊ नये म्हणून. बाइंडरिणीनं बोटांवर तास मोजले. काल रात्रीच्या दहापासून पोटात थेंब नाही. पंधरा तास. तिला मागच्या खोलीतला तो धप्पकन आवाज आठवला, आणि दुमडून संपवलेला गठ्ठा.

ती बाहेर आली तेव्हा तो सुई दोन्ही हातांनी धरत होता. ओठाचा कोपरा आपोआप उडत होता. तेही तिनं आधी पाहिलेलं होतं. मुलगी काही तरी सांगत होती, तिच्या ऑफिसातली गंमत, आणि बापाच्या तोंडाकडे बघून हळूहळू थांबत चालली होती. पुस्तकाची सात जुजं शिवून झाली होती, पाच राहिली होती. बारक्यानं वर पाहिलं. त्याच्या बहिणीला त्याचे डोळे न वाचता यायला काय झालं होतं? एवढं होऊ दे, ते डोळे म्हणत होते. पाचच.

ती आत गेली आणि पेला घेऊन आली.

"बारक्या, घे."

खोलीत वास पसरला. तो वास मुलीला ओळखीचा होता. दहा वर्षं ती त्यात वाढली होती.

"आत्या, हे काय आहे?"

औषध म्हणता आलं असतं. सिस्टर औषधच म्हणायच्या. "दारू," बाइंडरीण म्हणाली. "रोज चारदा देते. मी तुझ्याशी खोटं बोलले. पण आता नाही घेतली तर त्याला झटका येईल. आधी पोरीला उतरव त्याच्या मांडीवरून."

मुलगी उठली, पोरीला उचललं. "तुझा शब्द होता गं, आत्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. बापाकडे तिनं पाहिलं नाही, आणि बापानंही मान वर केली नाही. नात रडायला लागली, "माझं पुस्तक, माझं पुस्तक," तेव्हा मुलीनं अर्धवट शिवलेलं पुस्तक ओढून पिशवीत कोंबलं, दोऱ्याला सुई लोंबकळत होती तसंच.

"सुई," बाइंडरीण म्हणाली. तिला खूप काही सांगायचं होतं, डॉक्टरांचं, सिस्टरचं, त्या वाटीखालच्या पेल्याचं, पण तोंडातून तेवढंच आलं. "सुई काढून घे. पोरीला टोचेल."

मुलीनं दोरा दातांनी तोडला, सुई टेबलावर ठेवली आणि गेली.

बारक्यानं पेला घेतला नाही. मग बाइंडरिणीनं त्याचं डोकं एका हातानं धरलं आणि दुसऱ्या हातानं पेला ओठांना लावला. दात पेल्यावर वाजत होते. अर्ध्या तासात हात बसले. इतके बसले की टेबलावरच्या त्या सुईत त्यानं पहिल्या फटक्यात दोरा ओवला, आणि मग शिवायला काही नाही हे लक्षात येऊन तो तसाच बसून राहिला.

मुलीचा फोन त्या महिन्यात आला नाही, पुढच्यातही नाही. बाइंडरिणीनं लावला तर उचलला जात नव्हता. त्या वाटीखालच्या पेल्याबद्दल तिनं पत्र लिहिलं, ते परत आलं नाही आणि उत्तरही आलं नाही. सिस्टर मात्र खूष होत्या. "सव्वा वर्ष एकही झटका नाही!" त्या फाइलवर टिचकी मारून म्हणाल्या. "ताई, तुमच्यासारखं कुणी सांभाळलं नाही हो." बाइंडरीण मान डोलवून घरी आली.

बारक्या कामाचं तेवढं बोलायचा. दोरा संपला, जुज कमी आहे, एवढंच. बरेच दिवस गेल्यावर एका दुपारी बारा वाजता ती पेला घेऊन आली तेव्हा त्यानं विचारलं, "त्या दिवशी थांबली असतीस तर मी खरंच गेलो असतो?"

"डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, सांगता येत नाही. गेलाही असतास, नसताही."

"मी नको म्हणत होतो. तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग?"

बाइंडरिणीनं पेला टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत जे कुणाजवळ बोलली नव्हती ते तिच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं. "अरे, तिला सुधारलेला बाप हवा होता. सिस्टरना पेशंट हवा होता. फिटरला आणखी एक सुटलेला हवा होता. मला तू नुसता हवा होतास. कसाही. तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

बारक्यानं मान हलवली. ते त्याला पटलं होतं, असं दिसलं.

"आणि मला काय हवं होतं?" त्यानं विचारलं.

तो खरंच विचारत होता, रागानं नाही. बाइंडरिणीनं घड्याळाकडे पाहिलं. उत्तर तिला माहीत होतं. त्या दिवशी राहिलेल्या पाच जुजांचं होतं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि त्याच्या हाताला बारीकशी थरथर सुटायला लागली होती. तिनं पेला उचलून त्याच्यापुढे धरला.

त्यानं तो घेतला आणि पिऊन टाकला.